वरचा आकडा, खालचा आकडा आणि आईची वही

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. लिफ्ट बंद. दोन जिने चढून आई खुर्चीवर टेकते न टेकते तोच तिथल्या पोऱ्याने स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि विचारलं, "काय होतंय आजी?" पट्टा फुगत होता आणि आई गुडघ्यांपासून सुरुवात करून सगळं सांगत होती. मशीनवर बीपी, म्हणजे रक्तदाब, १६८/९६ आलं. गोळी दुप्पट झाली. चौथ्या दिवशी पहाटे देवघराकडे जाताना तिला भोवळ आली. शेजारी भिंत होती म्हणून निभावलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी डोस पुन्हा खाली आणला. नंतर घरी नीट बसवून आठवडाभर मोजलं, तर त्या जुन्याच डोसवर सरासरी १३४/८२ आली. त्यांनी वही पाहिली आणि तोच डोस ठेवला. तेव्हापासून घरातलं, शेजारचं, भावकीतलं कुणीही "माझं बीपी जरा वाढलंय" म्हणालं की मी आधी एकच विचारते: मोजलं कसं?

हा लेख त्या प्रश्नापासूनच सुरू करते. गोळ्या, पथ्य, मीठ हे सगळं पुढे आहेच.

आधी या दुखण्याचा आवाका

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगात सुमारे १४० कोटी प्रौढांना उच्च रक्तदाब होता. त्यातल्या जेमतेम पाचातल्या एकाचा ताब्यात होता. यापायी दरवर्षी एक कोटीहून जास्त माणसं दगावतात, बहुतेक हृदयविकाराने, पक्षाघाताने किंवा मूत्रपिंडं निकामी होऊन. भारतात असे सुमारे २२ कोटी लोक आहेत आणि ताब्यात असलेले साधारण १२ टक्के.

हा श्रीमंतांचा, टेबलावर बसून काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्याकडे अजून मुरलेली आहे. आकडे उलटं सांगतात. १९९० मध्ये ३० ते ७९ वयाचे सुमारे ६५ कोटी रुग्ण होते, २०१९ मध्ये १२८ कोटी झाले, आणि ही वाढ जवळजवळ सगळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. कॅनडा, आइसलँड, दक्षिण कोरिया इथे निम्म्याहून जास्त रुग्णांचं बीपी ताब्यात आहे. तिकडच्या माणसांच्या रक्तवाहिन्या काही वेगळ्या नाहीत. तिथे मोजणं आणि गोळी मिळत राहणं या दोन गोष्टी नेमाने होतात, इतकंच.

आपल्याकडेही ते जमतं. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या भारत सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून आहेत. त्याची रीत साधी आहे: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्या जवळच्या सरकारी केंद्रात फुकट, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा विचारून पाहा. खाजगीत महिन्याला पैसे मोजणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं.

पायरी पहिली: मशीन

दंडावर पट्टा बांधायचं, आपोआप फुगणारं मशीन घ्या. मनगटावरचं नको. त्यात हात नेमका हृदयाच्या उंचीवर धरावा लागतो, आणि तो कुणी धरत नाही. बोटाला लावायचं तर नकोच.

दुकानदार किंमत आणि वॉरंटी सांगतो. तुम्ही दोन गोष्टी पाहा. एक, त्या मॉडेलची शास्त्रशुद्ध पडताळणी झालेली आहे का. 'स्ट्राइड बीपी' नावाची यादी इंटरनेटवर आहे, तिच्यात मॉडेलचा नंबर शोधायचा. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, पट्ट्याचं माप. शिंप्याची टेप घ्या आणि खांदा ते कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. दंड ३५ असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना साधा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा (हृदय आकुंचन पावतानाचा दाब; खालचा म्हणजे ते सैल पडतानाचा) सरासरी जवळजवळ २० ने जास्त आला. २० म्हणजे निरोगी माणूस गोळीवर जाईल इतका फरक.

हे मशीन डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखे ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेत नाडीमुळे उठणारे हेलकावे ते टिपतं आणि आपल्या सूत्राने आकडा काढतं. म्हणून ज्यांची नाडी अनियमित आहे, त्यांच्या बाबतीत ते गोंधळू शकतं. अशांनी डॉक्टरांना विचारून तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्यावी. मशीन घरी आणल्यावर आणि नंतर वर्षातून एकदा ते डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या उपकरणाशेजारी ताडून पाहा.

बीपीचं एकक 'मिलिमीटर पारा' हे कुठून आलं, हा प्रश्न आमच्या भाच्याने विचारला होता. इटालियन डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा फुगता पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढले. पारा आता विषारी म्हणून दवाखान्यांतून हद्दपार होत आहे, पण एकक त्याचंच उरलंय.

पायरी दुसरी: बसणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. म्हणून जरा सविस्तर.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, मिश्री काही नको. मिश्रीला आपल्याकडे व्यसनात धरत नाहीत, पण तो भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बीपी चढतं. सकाळी मिश्री लावून, चूळ भरून लगेच मशीनसमोर बसलेल्या काकूंचा आकडा मी पाहिलाय.

लघवी तुंबलेली नको. आधी जाऊन या.

पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, मांडी नको, पायावर पाय नको. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसून मोजलं तर आकडा वर जातो. आपल्याकडे वडीलधारी माणसं खाली मांडी घालून आरामात बसतात. तरीही मोजण्यापुरतं खुर्चीवर या.

हात टेबलावर, तळहात वर, दंडाचा मध्य छातीच्या मधोमध असेल इतक्या उंचीवर. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा घडी घातलेली चादर. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे पद्धतशीर तपासलं: हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त येतो, बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने. १३४ चा १४० होतो, आणि माणूस पलीकडच्या रकान्यात जातो.

पट्टा उघड्या दंडावर. बाही घट्ट वर सरकवून दंडाला फास लावण्यापेक्षा सैल कपडा घाला, किंवा हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. आत एक-दोन बोटं जातील इतका सैल.

मग पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद, मोबाइल उलटा, आणि शेजारी बसलेल्या माणसानेही बोलायचं नाही. आमच्याकडे सगळ्यांत अवघड हेच गेलं. पट्टा फुगायला लागला की आईला नेमका दुधाचा हिशेब आठवतो. "अगं, काल खाडा होता ना?" मी मान हलवते, उत्तर देत नाही. मोजून झाल्यावर ती माझ्यावर जरा रागावलेली असते. नशीब, तो राग आकड्यात उतरत नाही.

पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, पुढे कायम तोच हात. दोन्हीत नेहमीच फरक असेल आणि तो १० हून जास्त असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी तिसरी: सात दिवसांची वही

सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन, गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा मोजा. मध्ये एक मिनिट थांबा. रात्री जेवणाआधी पुन्हा दोनदा. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, नवखेपणामुळे ते चढे येतात. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे. वरच्यांची सरासरी वेगळी, खालच्यांची वेगळी. हे झालं तुमचं खरं बीपी.

लिहिताना प्रामाणिक राहा. १५२ आला की "हा चुकला असेल" म्हणून पुन्हा पुन्हा मोजून १३८ आल्यावर तोच लिहिणारे महाभाग आमच्याच घरात आहेत. मशीनमध्ये आठवण साठवलेली असते, तीही डॉक्टरांना दाखवा.

ही सात दिवसांची कसरत रोज करायची नसते. निदानाच्या वेळी, गोळी किंवा डोस बदलल्यावर महिन्याभराने, आणि डॉक्टरांच्या भेटीआधीच्या आठवड्यात केली की पुरे. एरवी आठवड्यातून एखाद-दोनदा. दिवसातून आठ वेळा पट्टा बांधणाऱ्या माणसाचं बीपी त्या काळजीनेच चढतं.

आई वही ठेवते, भाऊ मोबाइलवर. मला विचाराल तर सगळ्यांत टिकाऊ जागा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचे खाडे जिथे लिहितो तिथेच शेजारी दोन आकडे. सिलिंडर कधी लावला तेही तिथेच असतं, त्यामुळे नजर रोज जातेच.

पायरी चौथी: आकड्याचा अर्थ

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे उच्च रक्तदाब. घरच्या मोजणीची हद्द जरा खाली, १३५/८५, कारण घरी माणूस निवांत असतो. दोन्हींपैकी एकच आकडा ओलांडला तरी तो धरायचा. "खालचा बरोबर आहे ना, मग झालं" हे खरं नाही. साठीनंतर रक्तवाहिन्या ताठर होतात, तेव्हा वरचा आकडाच आधी चढतो आणि नुकसानही तोच जास्त करतो. "वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल" हा जुना हिशेबही विसरा. सत्तरीतल्या माणसाला १७० चालतं असं त्यातून निघतं, आणि ते चालत नाही.

दवाखान्यात जास्त आणि घरी ठीक, असं पुष्कळांचं होतं. पांढऱ्या कोटाची धास्ती. उलटाही प्रकार असतो: दवाखान्यात छान, घरी चढलेलं. हा दुसरा जास्त दगा देतो, कारण तो वहीशिवाय सापडतच नाही.

डोकं दुखलं की बीपी वाढलं, नाही दुखलं तर ठीक, यावर विसंबू नका. बहुतेकांना काहीच होत नसतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता. त्याआधीची काही वर्षं तो चढत होता आणि डॉक्टरांच्या हातात धड औषधच नव्हतं.

निदान झालं की काही तपासण्या एकदा तरी व्हायलाच हव्यात: लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. तिशीच्या आत बीपी निघालं, किंवा तीन गोळ्या नेमाने घेऊनही ताब्यात येत नसलं, तर मूत्रपिंड किंवा ग्रंथींचं कारण शोधावं लागतं. रात्री जोरात घोरणं आणि दिवसा पेंगणं हेही डॉक्टरांना सांगा.

गरोदर बाईचं बीपी १४०/९० च्या वर गेलं तर आठवडाभर वही लिहीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

पायरी पाचवी: मिठाचं पाकीट

रोजचं मीठ किती असावं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. जगाची सरासरी याच्या दुप्पट आहे. पण "मी मीठ कमीच खाते" असं प्रत्येकजण म्हणतो, म्हणून एक घरगुती हिशेब करा. किलोचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख घाला. चौघांच्या घरात माणशी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पाकीट ५० दिवस पुरायला हवं. आमचं ३१ दिवसांत संपलं. माणशी ८ ग्रॅम, आणि यात लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, पाव, बाहेरची मिसळ काहीच धरलेलं नाही.

कमी करायचं ते एका दमात नको, जीभ बंड करते. आम्ही या क्रमाने गेलो: पानात डाव्या बाजूला वाढलेली मिठाची चिमूट बंद. मग कणकेतलं मीठ. भाकरीत नसतंच, मग पोळीत कशाला? मग लोणचं रोजचं रविवारी. पापड सणाला. पापडखारातही सोडियमच असतं, आणि ढोकळ्यातल्या सोड्यातही. कोकणात सुकट नि खारवलेला बांगडा भिजवून, पाणी दोनदा काढून टाकून करायचा. भाजीत मीठ शेवटी घालायचं आणि आमसूल, लिंबू, कच्चा कांदा, कोथिंबीर, ताजी मिरची यांनी चव भरून काढायची. तीन-चार आठवड्यांत जीभ वळते. आता बाहेरची भाजी आईलाच खारट लागते.

पाकिटावरचं सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. उपवासाच्या वेफर्सना हा हिशेब माफ नाही. सैंधवालाही नाही. गुलाबी असो की पांढरं, त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर कामाचं आहे. चीनमध्ये ६०० गावांतल्या जवळजवळ २१ हजार लोकांवर पाच वर्षं चाललेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांना चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. त्यांच्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

वजन, चालणं याबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून थोडक्यात: एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल इतकं चालायचं.

पायरी सहावी: गोळी

बीपीच्या गोळ्यांच्या इतिहासात मुंबईचं नाव मोठं आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर दाखवलं आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९५२ मध्ये त्या मुळीतून रेझर्पिन हे औषध वेगळं केलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. याचा अर्थ आज जत्रेतून सर्पगंधेची पूड आणून खायची असा नाही. तिने उदासी येते, डोसाचा भरवसा नसतो, आणि आज तिच्याहून कितीतरी बरी औषधं आहेत.

ती औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. सरकारी उपक्रमात बहुतेक ठिकाणी आधी अम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन असा क्रम असतो. दोन गोळ्या लागल्या म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही. थोड्या थोड्या डोसाच्या दोन गोळ्या एका मोठ्या गोळीपेक्षा बऱ्याचदा जास्त चांगलं काम करतात. वरचा आकडा १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी घटतो.

अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलने कोरडा खोकला. दोन्हींवर तोडगा आहे, गोळी बदलता येते. न सांगता बंद करू नका. "बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?" हा प्रश्न आईने तीनदा विचारलाय. तिसऱ्यांदा मी विचारलं, "छप्पर गळत नाहीये म्हणून कौलं काढून ठेवायची का?" मग गप्प बसली. "सवय लागते" ही भीतीही फुकाची. चष्म्याची लागते तेवढीच.

गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी चढवतात, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्याही. आणि घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा, हे मलाही उशिरा कळलं. डॉक्टरांना सगळं सांगा, जडीबुटीसकट.

उठताना चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने पडला तर डोस पाहावा लागेल. आईच्या वेळी हे कुणी पाहिलंच नव्हतं.

गावी जाताना दोन स्ट्रिप जास्त न्या. गणपतीत परतीचं तिकीट पुढे ढकललं जातं, आणि गोळ्यांमध्ये चार दिवसांचा खाडा पडतो.

पायरी सातवी: धावायचं कधी

मशीनवर १८०/१२० किंवा त्याहून जास्त दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं जड होणं, अचानक अंधुक दिसणं यातलं एक जरी असलं तर १०८ लावा. दुसऱ्यांदा मोजत बसू नका. आकडा काहीही असला तरी ही लक्षणं असतील तर निघायचंच. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा.

लक्षण काहीच नाही आणि आकडा मात्र मोठा, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेजाऱ्याची गोळी नको, आपलीच दुप्पट नको, आणि जिभेखाली कॅप्सूल फोडून घालणं तर मुळीच नको. बीपी एकदम कोसळलं की मेंदूला रक्त कमी पडतं.

आमच्या मशीनच्या डब्यात एक चिठ्ठी आहे. चालू गोळ्यांची नावं आणि डोस, डॉक्टरांचा नंबर, १०८, आणि शेवटची सरासरी. आईनेच तिच्या अक्षरात लिहिली आहे, मोठ्या अक्षरात, कारण रात्री चष्मा सापडत नाही. बॅटरीच्या चार सेलची नवी पुडीही तिथेच असते. जुने सेल उतरत आले की मशीन मधेच बंद पडतं, आणि ते नेमकं रात्री अकरा वाजता पडतं.